घरात त्वचारोग आहे, जनुकीय चाचणी करावी का? सोलापूरकरांसाठी पहिल्या पायरीपासून

"सासऱ्यांना सोरायसिस आहे. मुलाला होणार का, ते रक्त तपासून सांगा." हा एक प्रश्न. "पहिल्या बाळाचं अंग जन्मतःच फोडांनी सोललं होतं, ते वाचलं नाही. आता पुन्हा मूल हवंय, काय करू?" हा दुसरा. विचारणारे दोघंही 'आनुवंशिक' हाच शब्द वापरतात. पण पहिल्या प्रश्नाला जनुकीय चाचणी जवळपास काहीच उपयोगी उत्तर देत नाही, आणि दुसऱ्याला ती वेळेत केली तर अगदी नेमकं उत्तर देऊ शकते. हा फरक न कळल्यामुळे एकीकडे हजारो रुपये वाया जातात, तर दुसरीकडे जिथे चाचणी खरोखर हवी होती तिथे ती होतच नाही. म्हणून लॅबचा नंबर शोधण्याआधी पुढचं वाचा.

पायरी १: आजार खरंच रक्तातून आलाय का

घरात चौघांना त्वचेचा एकच त्रास असला की आपण म्हणतो, आमच्या घराण्यातच आहे. पण एका घरात राहणारी माणसं जनुकं जशी वाटून घेतात, तसा टॉवेलही वाटून घेतात. ज्या शहराचे टॉवेल आणि चादरी देशभर जातात, तिथेच एक टॉवेल तिघांत वापरला जातो आणि गजकर्ण घरभर फिरतं. गजकर्ण म्हणजे बुरशी. डागाच्या कडेची खपली खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान तिथल्या तिथे होतं. खर्चही किरकोळ. खरूजही अशीच घरभर पसरते. शिवाय लागण झाल्यावर पहिल्या खेपेला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे एकापाठोपाठ एक असे सगळे आजारी पडले की ते 'वारशाने' आल्यासारखं वाटतं.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं, स्टिरॉइड मिसळलेलं मलम इथे सगळ्यात जास्त घोळ घालतं. लाली दबते, बुरशी आतून पसरत राहते आणि डागाचं मूळ रूपच ओळखू येत नाही. डॉक्टरांकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. मात्र तोंडाने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका. सोरायसिस असलेल्या माणसात त्या अचानक थांबवल्या की आजार उसळून पू भरलेले फोड अंगभर येऊ शकतात.

रंगखात्यात, धुलाईच्या कामात किंवा सिमेंटवर काम करणाऱ्यांच्या हातावरचं इसब बापाला आणि मुलाला दोघांनाही असतं, कारण दोघांचं काम एक असतं. सुट्टीत पंधरा दिवस गावाला गेल्यावर हात बरे होतात का, याची नोंद ठेवा. होत असतील तर संशय आधी कामावर घ्यायचा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कोड आणि कुष्ठरोग हे दोन वेगळे आजार आहेत. कोडात रंगपेशी नाहीशा होतात. तो स्पर्शाने पसरत नाही आणि डागाची संवेदनाही जात नाही. कुष्ठरोग हा जिवाणूंमुळे होतो, औषधाने पूर्ण बरा होतो आणि तो आनुवंशिक नाही. फिकट डाग बधिर लागत असेल तर जनुकीय चाचणीचा विचारही न करता आधी तो दाखवा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

थोडक्यात, पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सकाळच्या ओपीडीत केस पेपर काढून दाखवता येतं. खासगी डॉक्टर तर आहेतच. या भेटीतून एकच वाक्य लेखी मिळवा: आजाराचं नेमकं नाव. 'त्वचाविकार' किंवा 'ॲलर्जी' एवढं पुरणार नाही. नाव नसेल तर पुढची एकही पायरी नीट पडत नाही.

पायरी २: तुमचा आजार कोणत्या गटातला

पहिल्या गटात सोरायसिस, लहानपणापासूनचं इसब आणि कोड हे नेहमी दिसणारे आजार येतात. यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि वर बाहेरची कारणं असतात. सोरायसिसशी सगळ्यात घट्ट नातं असलेला जनुकीय प्रकार म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए-सी*०६:०२. लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसमध्ये तो जास्त आढळतो. पण तो अंगात असलेल्या बहुसंख्य माणसांना सोरायसिस कधीच होत नाही, आणि तो नसलेल्यांना होतो. एकाच बीजाच्या जुळ्यांत डीएनए सारखा असतो, तरी एकाला सोरायसिस असताना दुसरा आयुष्यभर स्वच्छ राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आई किंवा वडील एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळ मानाने दहात एक ते दोन. हा अंदाज चाचणीशिवाय सांगता येतो, आणि चाचणी केल्याने तो फारसा सुधारत नाही. कोडाचंही तसंच. आई, वडील किंवा भावंडाला कोड असलेल्या शंभर जणांपैकी नव्वदहून अधिक जणांना ते होत नाही. लग्न जुळवताना मुलीच्या काकूला कोड आहे म्हणून स्थळ मोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

इसबाच्या बाबतीत एफएलजी हे जनुक महत्त्वाचं. ते फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवतं, जे त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. २००६ मध्ये या जनुकातल्या दोषांचा कोरड्या त्वचेशी आणि इसबाशी असलेला संबंध समोर आला. तेव्हा वाटलं की जन्मल्यापासून मॉइश्चरायझर लावलं तर धोक्यातल्या मुलांचं इसब टळेल. ब्रिटनमध्ये १३९४ नवजात बाळांवर हे करून पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला, तो असा की रोज मॉइश्चरायझर लावून इसब टळलं नाही. म्हणजे धोका आधी कळला तरी त्यावर करण्यासारखा सिद्ध उपाय आज हातात नाही. झालेल्या इसबाला मात्र मॉइश्चरायझर हवंच, त्यात शंका नाही.

म्हणून पहिल्या गटातल्या निरोगी माणसाने 'धोका' पाहण्यासाठी चाचणी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोच पैसा आणि तीच काळजी दुसरीकडे लावा. तंबाखू आणि सिगारेट सोडणं, वजन आटोक्यात ठेवणं, घसा वारंवार दुखत असेल तर तो वेळीच दाखवणं याने सोरायसिसला खरा फरक पडतो. लिथियम, क्लोरोक्वीन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या सोरायसिस वाढवतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी घरातला सोरायसिस सांगा. सकाळी बोटांचे सांधे अर्धा तास आखडत असतील तर तेही सांगा. या गटाला एक अपवाद आहे: ताप येऊन अंगभर पूयुक्त फोड येणारा सोरायसिस, विशेषतः लहान वयातला. त्यात आयएल३६आरएन या जनुकाची तपासणी करण्याला अर्थ असतो.

दुसऱ्या गटातले आजार कमी घरांत असतात, पण या लेखाचा खरा विषय तेच आहेत. यांत एकाच जनुकातला दोष आजार घडवायला पुरेसा असतो. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणारा इक्थिओसिस, जरा घासलं की फोड येणारा एपिडर्मोलायसिस बुलोसा, अंगावर कॉफीरंगी चट्टे आणि मऊ गाठी येणारा न्यूरोफायब्रोमॅटोसिस, केस-त्वचा पांढरी आणि नजर अधू असणारा अल्बिनिझम, उन्हाने लहानपणीच चेहरा ठिपक्यांनी भरणारा झेरोडर्मा पिगमेंटोसम, तळहात-तळपाय जाड होऊन भेगाळणारा केराटोडर्मा. तुमच्या कागदावर यांपैकी नाव असेल तर पुढे चला.

पायरी ३: वंशवेल काढा, तीही नीट

एक कोरा कागद, पेन्सिल आणि घरातली सगळ्यात वयस्कर बाई. आजीला जे ठाऊक असतं ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. आजार असेल तर आकृती भरून टाका. वारलेल्यांवर तिरकी रेघ. गर्भपातासाठी छोटा त्रिकोण. नवरा-बायको जोडणारी आडवी रेघ एकेरी, पण लग्न नात्यात झालं असेल तर दुहेरी. ज्या रुग्णापासून सुरुवात केली त्याच्याकडे बाण दाखवा. किमान तीन पिढ्या हव्यात आणि आईकडची बाजू वडिलांकडच्याइतकीच भरायची. ही चूक फार होते. सासरच्या चार पिढ्या लिहिलेल्या असतात आणि माहेरचा एक मामाही नसतो.

प्रत्येक आजारी माणसापुढे त्रास कोणत्या वयात सुरू झाला, शरीराच्या कोणत्या भागावर होता आणि कोणत्या ऋतूत वाढायचा, ते लिहा. तान्हेपणी गेलेली मुलं लिहायला विसरू नका. 'अंग सोलून गेलं', 'जन्मतःच कातडी ताणलेली होती' असे शब्द आजी वापरेल तसेच उतरवून घ्या, डॉक्टरांना ते उपयोगी पडतात. जुने फोटो मिळाले तर मोबाइलवर काढून ठेवा.

वंशवेल नीट झाली की आजार कसा उतरतोय ते डोळ्यांना दिसतं. प्रत्येक पिढीत, स्त्री-पुरुष दोघांत असेल तर एका पालकाकडून आलेला दोष पुरेसा ठरतोय आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता आहे. फक्त मुलगेच आजारी आणि धागा आयांमधून जाणारा असेल तर दोष एक्स गुणसूत्रावर आहे. आणि आईवडील दोघं निरोगी असून दोन-तीन भावंडं आजारी असतील, वर दुहेरी रेघ असेल, तर दोष दोन्हीकडून आलेला आहे.

दुहेरी रेघेबद्दल सोलापुरात मोकळेपणाने बोलायलाच हवं. मामाच्या मुलीशी लग्न मराठी आणि कानडी घरांत सर्रास होतं. पूर्व भागातल्या काही तेलुगू घरांत मामा-भाचीचं लग्नही होत आलंय. यात कुणाची चूक काढायची नाही, हिशोब मात्र समजून घ्यायचा. सख्ख्या मामे-आते भावंडांत आठवा हिस्सा जनुकं समान असतात, मामा-भाचीत चौथा हिस्सा. त्या दोघांत एखादा लपलेला दोष समान असेल तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून 'पुढची तीन ठीक होतील' असं नसतं. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. आणि एकाही मुलाला आजार झाला नाही म्हणजे दोष नाही, असंही नसतं.

वंशवेलीत आजार कुठेच नसेल तरी तो जनुकीय असू शकतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत दोष त्यांच्यातच नव्याने तयार झालेला असतो. यौवनाआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त कॉफीरंगी चट्टे दिसले, तर घराण्यात कुणी नसलं तरी दाखवा. यौवनानंतर माप १५ मिलिमीटर धरतात.

पायरी ४: चाचणी आजारी माणसापासून सुरू करा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहिलं तर ते हे राहू द्या. आधी आजारी माणसाची चाचणी, मग निरोगी नातलगांची.

कारण समजून घ्या. निरोगी बहिणीची चाचणी आधी केली आणि रिपोर्ट 'काही आढळलं नाही' असा आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर तिच्यात घराण्यातला दोष उतरलेला नाही. किंवा तो दोष त्या चाचणीला दिसतच नाही, आणि तिच्यात आहे. यांतलं कुठलं खरं, हे सांगायला आजारी भावाचा रिपोर्ट हातात असावा लागतो. भावात दोष नेमका सापडला की बहिणीची तेवढ्याच एका जागेची तपासणी करायची. ती स्वस्त पडते, लवकर होते आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं.

आजारी माणूस हयात नसेल तर त्याचा साठवलेला डीएनए किंवा रक्त कुठल्या रुग्णालयात आहे का, ते विचारा. नसेल तर आईवडील दोघांची एकत्र तपासणी करून समान दोष शोधता येतो, पण खात्री कमी असते. म्हणूनच गंभीर त्वचाविकार घेऊन जन्मलेलं बाळ अतिदक्षता विभागात असतानाच, ते वाचेल की नाही या धावपळीतही, १ ते २ मिलिलिटर रक्त ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणारी, जांभळ्या झाकणाची नळी) काढून डीएनए साठवायला सांगा. त्या क्षणी हे सुचणं आईबापाला फार कठीण असतं, म्हणून हे काम मावशीने, काकाने अंगावर घ्यावं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यातला डीएनए तुटलेला असतो, त्यावर विसंबून राहता येत नाही.

वय १८ च्या आतल्या निरोगी मुलाची चाचणी फक्त तेव्हाच करावी, जेव्हा निकालाने आत्ताच काही बदलणार असेल. झेरोडर्मा पिगमेंटोसम असलेल्या मुलाच्या धाकट्या भावाची चाचणी लगेच करायला हवी, कारण ऊन टाळण्याची सुरुवात तान्हेपणापासून करायची असते. सौम्य इक्थिओसिससाठी तेवढी घाई नको.

पायरी ५: योग्य चाचणी निवडा

लॅबच्या यादीत एकाच आजारासाठी पाच-सहा नावं दिसतात. दोष आधीच माहीत असेल तर एका जागेची सँगर चाचणी (जनुकाचा तेवढाच तुकडा वाचणारी) पुरते, काही हजारांत होते. दोष माहीत नसेल तर त्या आजाराशी संबंधित जनुकांचं पॅनेल, म्हणजे ठरावीक जनुकांचा संच, किंवा क्लिनिकल एक्झोम, म्हणजे हजारो जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणारी चाचणी. त्याला साधारण पंधरा ते तीस हजारांच्या आसपास खर्च येतो आणि रिपोर्टला तीन ते सहा आठवडे लागतात. लॅबगणिक भाव बदलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा आणि लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, ते पाहा.

चाचणी महागडी म्हणजे बरोबर, असं नाही. जागा चुकल्याची तीन उदाहरणं नेहमी दिसतात.

एक्स गुणसूत्रावरचा इक्थिओसिस. मुलाच्या मानेवर, पोटऱ्यांवर मळकट तपकिरी खवले असतात आणि 'नीट आंघोळ करत नाही' म्हणून तो बोलणी खातो. आईच्या बाळंतपणात कळा वेळेवर सुरू झाल्या नव्हत्या, ही खूण बऱ्याचदा सापडते. यातल्या बहुतेक रुग्णांत एसटीएस हे जनुक अख्खंच गहाळ असतं. अक्षरं वाचणाऱ्या चाचणीत गहाळ पान सुटू शकतं. इथे मायक्रोअरे किंवा एमएलपीए ही मोजणी करणारी चाचणी मागा.

एफएलजीचा साधा इक्थिओसिस. पावसाळ्यात बरा, थंडीत वाढणारा, तळहातावर रेषांचं जाळं. या जनुकात एकच मजकूर दहा ते बारा वेळा मागोमाग येतो, त्यामुळे नेहमीच्या एक्झोममध्ये वाचन गोंधळतं. लॅब या जनुकाचं पूर्ण वाचन करते का, हे आधी विचारा. खरं तर साध्या प्रकारात निदान डोळ्यांनी होतं, आणि चाचणीवाचून काही अडत नाही.

तिसरं, अंगाच्या एकाच बाजूला किंवा रेघोट्यांच्या पट्ट्यात असलेला विकार. इथे दोष शरीराच्या काही पेशींतच असू शकतो आणि रक्त पूर्ण स्वच्छ येतं. डागाच्या जागेचा ताजा तुकडा तपासावा लागतो.

घरी मागवायच्या थुंकीच्या किटबद्दल. त्यात मोजक्या जागा पाहतात आणि 'तुमचा धोका सरासरीच्या दुप्पट' असं छापून देतात. समजा, एखादा आजार शंभरात एकाला होतो. दुप्पट म्हणजे शंभरात दोघांना. अठ्ठ्याण्णव जण तरीही मोकळेच. वर फोडांच्या किंवा खवल्यांच्या गंभीर आजारांतले बहुतेक दोष अशा किट पाहतच नाहीत. त्यामुळे किटचा 'सामान्य' शेरा पाहून निर्धास्त होणं अधिक धोक्याचं.

पायरी ६: नमुना, संमती, कुरिअर

मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं आणि ते पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतं, म्हणून ती नको. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, जोराने हलवायची नाही. गुठळी झाली तर नमुना परत येतो आणि पंधरवडा जातो. नळीवर नाव, वय, तारीख, वेळ. एका घरातल्या तिघांचे नमुने एकाच वेळी जात असतील तर लेबल तुमच्यासमोर लावायला सांगा. अदलाबदल झाली तर अख्ख्या घराचा निकाल चुकतो.

सोलापूरचं ऊन इथे आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेला नमुना तासाभरात खराब होऊ शकतो. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक, आणि पॅक व नळी यांच्यामध्ये कापसाचा थर. रक्त गोठवायचं नाही. नमुने बहुतेक वेळा पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला जातात, त्यामुळे सोमवार ते बुधवार द्या. शुक्रवारी संध्याकाळी दिलेली नळी रविवारभर कुठल्यातरी गोदामात पडून राहते.

थुंकीचा नमुना असेल तर आधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, मावा, मिश्री काहीही नको. अलीकडे रक्त चढवलं असेल तर सांगा, थोडं थांबावं लागतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर रक्तात दात्याचा डीएनए येतो, तिथे रक्त चालत नाही.

फोडांचा आजार असलेल्या बाळाचं रक्त काढताना टेक्निशियनला आधी सांगाच: चिकटपट्टी लावायची नाही, दंडाला रबर थेट बांधायचं नाही, खाली मऊ कापड घ्यायचं, स्पिरिटचा बोळा घासायचा नाही, टेकवायचा. नंतर गॉज धरून ठेवायचा. एका पट्टीने अख्ख्या दंडाची कातडी निघू शकते.

संमतीपत्र सावकाश वाचा. एक्झोममध्ये त्वचेशी संबंध नसलेले दोषही दिसू शकतात, उदाहरणार्थ स्तनाच्या कर्करोगाचा धोका. ते कळवायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचं असतं आणि त्यासाठी रकाना असतो. आईवडील दोघांचे नमुने दिले तर नात्याबद्दलचं सत्यही, जसं मुलाचा जैविक बाप कोण हे, उघड होऊ शकतं, हे नमुना देण्याआधी माहीत असावं. रिपोर्टसोबत कच्च्या माहितीची व्हीसीएफ फाइल मिळेल का, तेही आत्ताच विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ओपीडीतल्या या चाचणीचा खर्च निघेल असं धरून चालू नका. आरोग्य विम्याच्या अर्जात झालेल्या निदानाबद्दल विचारलं तर खरं लिहा. लपवलेल्या माहितीवरून दावा नाकारला जातो.

पायरी ७: रिपोर्ट एकट्याने वाचू नका

रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलाला पाचांपैकी एक शेरा असतो: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, व्हीयूएस, लाइकली बेनाइन, बेनाइन. पहिले दोन म्हणजे आजाराचं कारण सापडलं, शेवटचे दोन म्हणजे निरुपद्रवी. मधला व्हीयूएस म्हणजे अर्थ न लागलेला बदल. जागतिक माहितीसाठ्यांत भारतीय माणसं कमी असल्याने आपल्याकडे हा शेरा बराच येतो. व्हीयूएसवरून लग्न मोडायचं नाही, गर्भपात करायचा नाही, औषधही बदलायचं नाही. आईवडिलांची त्याच जागेची तपासणी केल्याने कधी कोडं सुटतं. नाहीतर एक-दोन वर्षांनी लॅबला जुन्या माहितीचं पुन्हा विश्लेषण करायला सांगा, शेरा बदललेला असू शकतो.

'हेटेरोझायगस' म्हणजे दोनपैकी एका प्रतीत दोष, 'होमोझायगस' म्हणजे दोन्हींत. दोन्हीकडून यावा लागणाऱ्या आजारात हेटेरोझायगस माणूस फक्त वाहक असतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे. त्याला काही होत नाही, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांसमोर समजावून घ्या.

यासाठी जनुकीय समुपदेशक किंवा मेडिकल जेनेटिक्सचे डॉक्टर लागतात. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात उत्कृष्टता केंद्र म्हणून मुंबईचं केईएम रुग्णालय आणि हैदराबादचं सीडीएफडी-निम्स (डीएनए तपासणीची सरकारी संस्था आणि तिच्या जोडीचं निम्स रुग्णालय) ही केंद्रं आहेत. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते. पुण्याला जायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तेलुगू बोलणाऱ्या आजी-आजोबांना समजून घ्यायचं असेल तर हैदराबादच बरं. जाताना वंशवेल, फोटो, बायोप्सीचा रिपोर्ट आणि शक्य असेल तर आजारी माणूस, सगळं सोबत न्या.

पायरी ८: पुढचं मूल हवं असेल तर घड्याळ उलटं लावा

गर्भाची तपासणी दोन प्रकारे होते. अकरा ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल काढून. यात गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो. पण दोन्ही तपासण्या घराण्यातला नेमका दोष आधी माहीत असेल तरच करता येतात, आणि तो शोधायला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. दिवस राहिल्यावर दहाव्या आठवड्यात धावपळ सुरू केली तर वेळ पुरत नाही. म्हणून आधी पहिल्या बाळाचा रिपोर्ट, मग आईवडिलांची पडताळणी, मग दिवस राहू देणं, असा क्रम धरा.

वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो, म्हणून 'मॅटर्नल सेल कंटॅमिनेशन' तपासलंय, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. ही तपासणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा) नोंदणी असलेल्या केंद्रातच होते आणि त्यासाठी 'फॉर्म जी' वर आईची लेखी संमती घेतात. गर्भाचं लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. २४ आठवड्यांपुढे गर्भपाताचा प्रश्न आला तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, म्हणूनही लवकरची तपासणी बरी. काय करायचं हा निर्णय मात्र त्या जोडप्याचाच. सासू-सासऱ्यांनी किंवा डॉक्टरांनी तो घ्यायचा नाही.

पायरी ९: कुणाकुणाला सांगायचं

दोन्हीकडून येणाऱ्या आजारात रुग्णाच्या निरोगी सख्ख्या भावंडाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. त्याचं लग्न नात्याबाहेर झालं तर जोडीदारही वाहक निघण्याची शक्यता बहुतेक दुर्मिळ आजारांत अगदी कमी. नात्यातच लग्न ठरत असेल तर मात्र दोघांची त्या एका जागेची तपासणी साखरपुड्याआधी करून घ्या.

सांगताना अख्खा रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपवर टाकू नका. समुपदेशकाकडून एका पानाची चिठ्ठी घ्या. तीत आजाराचं नाव, जनुकाचं नाव, बदलाची नेमकी खूण, लॅब आणि रिपोर्टची तारीख एवढंच असावं, रुग्णाचं नाव नको. ती चिठ्ठी रुग्णाच्या संमतीने काकाला, मावशीला, आत्याला हातात द्या. दहा वर्षांनी अक्कलकोटला किंवा बार्शीला दिलेल्या भाचीला दिवस राहतील तेव्हा तिच्या डॉक्टरांना तेवढा कागद पुरेल.